जोडीदार नक्की कुणाला हवाय?

प्रश्न : डॉक्टर, आम्ही डोंबिवलीत वन-बीएचकेमध्ये राहतो. आमची मांजरी चिंगी चार वर्षांची आहे, नसबंदी झालेली. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाचेक आठवड्यांची असताना एकटीच सापडली, तेव्हापासून घराबाहेर गेलेली नाही. मी आणि मिस्टर सकाळी साडेआठला निघतो ते संध्याकाळी सातला परततो. ती दिवसभर खिडकीत बसून असते असं समोरच्या काकू सांगतात. पहाटे साडेचारला ओरडून उठवते. नणंद म्हणते, बिचारीला सोबत नाही म्हणून रडते. शेजारच्या विंगमध्ये दोन महिन्यांचा एक बोका द्यायचा आहे. आणावा का?

ता. क. : मागच्या आठवड्यात खिडकीबाहेरच्या पत्र्यावर एक भटका बोका आला होता. चिंगीने शेपूट फुगवून इतका आवाज केला की मी धावत गेले, तर माझ्याच पोटरीला चावली. एरवी फार गरीब आहे हो.

– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही ताज्या कलमात टाकलीत. चिंगीने तिचं मत तुम्हाला मागच्या आठवड्यातच कळवलं आहे. बोका काचेपलीकडे, तिथवर पंजा पोचत नाही, मग जवळ जे हलतं त्यावर राग निघतो. वड्याचं तेल वांग्यावर. त्यात तुमच्यावर राग नव्हता. अशा वेळी मांजराला हात लावू नका, दिवा मालवा, खोलीचं दार ओढून घ्या आणि तासभर तिला तिची राहू द्या. खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला दुधी कागद चिकटवलात तर तो पत्रा तिला दिसणारच नाही. चावा खोल असेल तर तुम्हीही डॉक्टरला दाखवा, मांजराचा चावा बाहेरून टाचणीएवढा दिसतो पण आत पू धरतो.

घुसखोराला हाकलणारं मांजर घरातल्या मांजराशी कधीच जमवून घेत नाही, असं मी म्हणणार नाही. पण ‘बिचारी सोबतीसाठी झुरते’ हे त्या फुगलेल्या शेपटीतून तरी दिसत नाही. मांजराचा पूर्वज आफ्रिकेतलं रानमांजर, एकट्याने उंदीर मारून एकट्याने खाणारं. कुत्र्यासारखी टोळी त्याच्या रक्तात नाही. मासळी बाजारात मांजरं घोळक्याने दिसतात ती खाणं भरपूर असतं म्हणून, आणि त्यातही जवळीक असते ती बहुधा मायलेकी-बहिणींची. शिवाय इतर मांजरांशी कसं वागायचं हे पिल्लू साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात शिकतं. तुमची चिंगी पाचव्या आठवड्यात तुमच्याकडे आली. तिची ती शाळा अर्धवट सुटली.

आता माझीच फजिती सांगते. २००९ साली आमच्या घरी ठमी होती, सहा वर्षांची. दवाखान्यात कुणीतरी सोडून गेलेला एक बोका होता, बंड्या. मी डॉक्टर, मला कोण शिकवणार! दुसऱ्याच दिवशी हॉलमध्ये टोपलीचं झाकण उघडलं. ठमी फ्रिजवर चढली. आठवडाभर फिस्कारणं झालं आणि मग सगळं शांत. एकही मारामारी नाही. येणारे-जाणारे म्हणायचे, किती छान राहतात दोघं. तिसऱ्या महिन्यात ठमीने आमच्या यजमानांच्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर लघवी केली, त्यात रक्ताचा गुलाबी डाग. तपासलं, तर जंतू नाहीत, खडे नाहीत. मूत्राशयाला सूज मात्र होती, ताणामुळे येते तशी.

ताण कसला, ते एका रविवारी कळलं. शी-शूसाठीचा वाळूचा ट्रे मागच्या बाल्कनीत आणि बंड्या पॅसेजच्या मधोमध बसलेला. काही करत नव्हता, नुसता बसला होता, शेपूट पायांभोवती गुंडाळून. ठमी कोपऱ्यावरून आली, त्याने तिच्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिला. ती खाली बसली, उगाच पंजा चाटला, आणि आल्या पावली परत गेली. आम्ही तीन महिने याला शांतता म्हणत होतो. बेडरूममध्ये दुसरा ट्रे ठेवला, खाण्याच्या ताटल्या वेगळ्या केल्या आणि तिची लघवी सुधारली. पण पुढची नऊ वर्षं दोघं एकाच घरात दोन भाडेकरूंसारखी राहिली. एकमेकांना चाटणं नाही, अंगाला अंग लावून झोपणं नाही.

म्हणून मी विचारते, वन-बीएचकेत तीन ट्रे कुठे ठेवाल? जितकी मांजरं त्याहून एक ट्रे जास्त, आणि तेही एका ओळीत नव्हे, वेगवेगळ्या जागी. दोन महिन्यांचा बोका म्हणजे दिवसभर मानेवर उडी मारून कुस्ती खेळणारा प्राणी. चार वर्षांच्या बाईला ते आवडेलच असं नाही.

पहाटेच्या ओरडण्याचं कारण बहुतेक साधं आहे. मांजर पहाटे आणि तिन्हीसांजेलाच जास्त जागं असतं. ती ओरडते, तुम्ही उठता, ताटलीत काहीतरी पडतं. शिकवण तुम्हीच दिलीत. रात्री झोपण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटं काठीला पीस बांधून तिला पळवा, शेवटी ते पीस तिला पकडू द्या आणि लगेच रात्रीचं जेवण द्या. शिकार, खाणं, आंघोळ, झोप हा तिचा क्रम आहे. पहाटे मात्र उठायचं नाही. पहिले काही दिवस आवाज वाढेल, कान घट्ट करा. सकाळी निघताना कोरडं खाणं अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या खाचांत लपवून ठेवा, कपाटावर चढायला एखादं स्टूल ठेवा. बाकी दिवसातले बारा-सोळा तास मांजर झोपतंच, तुम्ही घरी असा वा नसा. खिडकीत बसणं म्हणजे आपण गॅलरीत बसतो तेच. काकूंना सांगा, ती रडत नाही, कबुतरं मोजते. ओरडणं अलीकडेच अचानक सुरू झालं असेल तर मात्र एकदा तपासून घ्या.

इतकं करूनही बोका आणायचाच असेल, तर तो चिंगीसाठी नाही, तुम्हाला हवा म्हणून आणा. त्यात वाईट काहीच नाही, फक्त हिशेब तिच्या नावावर लिहू नका. आधी त्याची ल्युकेमिया विषाणूची तपासणी, लस, गजकर्ण आहे का ते पाहणं. दोन आठवडे तो बेडरूममध्ये, दार बंद. त्याच्या अंगावरून फिरवलेलं फडकं तिच्या जागेजवळ ठेवा, दाराच्या दोन्ही बाजूंना दोघांची जेवणं. ती दारापाशी निवांत खाऊ लागली की मगच फट उघडायची. कधी दोन आठवडे लागतात, कधी दोन महिने.

प्रश्न : आमच्याकडे अजून एकही मांजर नाही. माळ्यावर व्यालेल्या मांजरीची दोन पिल्लं आहेत, आठ-नऊ आठवड्यांची. घरचे म्हणतात एकच पुरे. – एक वाचक, सातारा

उत्तर : दोन्ही घ्या. सख्खी आहेत, एकमेकांना चावून किती जोर लावायचा ते शिकतील आणि तुमच्या पायांची बोटं वाचतील. पाच-सहा महिन्यांची होताच दोघांचीही नसबंदी, भावंडं आहेत म्हणून थांबू नका, मांजरांना नाती कळत नाहीत. आणि पिल्लं न्याल तेव्हा त्यांच्या आईचंही ऑपरेशन करून घ्या, नाहीतर दोन-तीन महिन्यांत हेच पत्र पुन्हा लिहाल.