पकड आधी डाव्या हाताची

गोल्फ उजव्या हाताने खेळत असाल तर क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, तळहातात धरू नका, बोटांत धरा. डाव्या करंगळीच्या मुळापासून तर्जनीच्या मधल्या पेरापर्यंत ग्रिप (क्लबच्या दांड्यावरचं रबरी आवरण) तिरकी ठेवा आणि मग मूठ मिटा. तळहाताची मनगटाकडची गादी ग्रिपच्या वर आली पाहिजे. वरच्या टोकाला अर्धा इंच ग्रिप मोकळी सोडा. खाली पाहिल्यावर डाव्या मुठीचे दोन ते अडीच सांधे दिसायला हवेत. एकच दिसला तर क्लबचा चेहरा (चेंडूला लागणारी सपाट बाजू) उघडा, म्हणजे उजवीकडे वळलेला राहतो आणि चेंडू उजवीकडे वळत जातो. चारही दिसले तर डावीकडे.

उजवा हातही बोटांतच. त्याची आयुष्यरेषा डाव्या अंगठ्यावर नीट बसवा. करंगळी डाव्या तर्जनी-मधल्या बोटांच्या खाचेवर टेकवा, ही व्हार्डन पकड. हात लहान असतील तर ती तर्जनीत गुंतवा. दोन्ही चालतात, पण दर आठवड्याला बदलू नका.

दाब दहापैकी चार. घट्ट आवळलं की मनगट अडतं, वेग जातो.

वडोदऱ्याच्या लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारातल्या कोर्सवर पावसाळी दमट हवेत खेळताना हात घामेजतात आणि नकळत मूठ आवळली जाते. जास्तीचा हातमोजा आणि कोरडा पंचा बॅगेत ठेवाच. रबरी ग्रिप साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन पुसत जा. मोज्याला तळहाताच्या गादीशी भोक पडत असेल, तर क्लब बहुधा अजून तळहातातच आहे किंवा फिरताना सरकतोय.