विक्रीपत्राला पाच वर्षं व्हायच्या आत अर्ज द्या

पारडीहून एका ताईंनी विचारलं आहे: नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी ओळखीतल्या एकाकडून महिना शेकडा पाच व्याजाने दोन लाख घेतले. त्याने राहत्या घराचं रजिस्टर्ड विक्रीपत्र करून घेतलं आणि वेगळ्या शंभरच्या स्टॅम्पवर ‘पैसे फेडले की घर परत’ असं लिहून दिलं. दहा-दहा हजार 26 महिने भरले, मग जमलं नाही. आता घर खाली करा म्हणून वकिलाची नोटीस आली आहे. विक्रीपत्रावर सही 18 नोव्हेंबर 2021 ची. पोलिसांत जावं की दावा लावावा? उत्तर नागपूरकडच्या अनेकांच्या कामाचं आहे, कारण अशी पत्रं थांबतच नाहीत.

ताई, आधी जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज. पोलीस आणि दावा त्यानंतर.

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 च्या कलम 18 खाली हा अधिकारी विक्रीपत्राच्या मागे काय आहे ते तपासू शकतो. ती विक्री प्रत्यक्षात सावकारी कर्जाचं तारण होती असं सिद्ध झालं, तर विक्रीपत्र अवैध ठरवून मालमत्ता परत देण्याचा आदेश काढू शकतो. पण अट अशी, की ती मालमत्ता तुमचा अर्ज पोचण्याच्या तारखेआधीच्या पाच वर्षांत सावकाराकडे गेलेली असावी. म्हणजे तुमची शेवटची तारीख नोव्हेंबर 2026 मध्ये. मोजताना दस्तावरच्या सहीची तारीख धरा. ‘ताबा तर अजून आमच्याकडेच आहे, मग मुदत सुरूच झाली नाही’ असा युक्तिवाद करता येईल, पण त्याच्या भरवशावर राहू नका. पूर्वी पंधरा वर्षांपर्यंत मागे जाण्याची सवलत होती, तिची खिडकी बंद झाली आहे. ‘त्यांचं तर जुनं प्रकरण घेतलं होतं’ असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

इतका उशीर का केला, हे विचारल्याशिवाय राहवत नाही. हप्ते थांबले त्याच महिन्यात हा अर्ज व्हायला हवा होता.

दावा आधी का नाही? मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 58 नुसार परतीची अट विक्रीपत्रातच लिहिलेली नसेल, तर दिवाणी न्यायालय त्या व्यवहाराला सशर्त विक्रीचं गहाण मानत नाही. तुमची अट वेगळ्या स्टॅम्पवर आहे; सावकार मुद्दामच तशी लिहून घेतात. शिवाय दस्त रद्द करण्याच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, ती बहुधा गेली आहे. आणि साक्षीपुराव्यापर्यंत पोचायला आपल्याकडे किती वर्षं जातात ते तुम्ही पाहतच असाल. उपनिबंधकासमोर मात्र तोच स्टॅम्प तुमचा भक्कम पुरावा ठरतो. मूळ कागद कोणाच्याही हातात देऊ नका.

अर्जासोबत विक्रीपत्राची नक्कल, सूची 2 (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा गोषवारा), त्या वर्षीच्या रेडी रेकनरचा म्हणजे सरकारी मूल्यांकनाचा दर (दस्तातली किंमत त्याहून बरीच कमी असेल तर तो मोठा मुद्दा), तुमच्याच नावाचं वीज बिल आणि घर टॅक्सच्या पावत्या, आर.एल. (भूखंड नियमित केल्याचं पत्र) किंवा आखीव पत्रिका (नगर भूमापनचा मालमत्ता उतारा) असेल ती, आणि 26 हप्त्यांचा हिशेब जोडा. फोन पे किंवा बँकेतून गेलेल्या रकमांचं स्टेटमेंट काढा. रोखीचे हप्ते असतील तर ते देताना हजर असलेल्यांची प्रतिज्ञापत्रं घ्या.

प्रकरणं पडतात ती एका मुद्द्यावर. एखाद्याने एकदा उसने पैसे दिले म्हणून तो सावकार ठरत नाही. सावकारीचा धंदा दाखवावा लागतो. त्याने आणखी कोणाकोणाला असं अडकवलं, ते शोधा. दोन-तीन शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं, त्याच्या नावावर झालेल्या इतर विक्रीपत्रांच्या सूची 2 च्या नकला, याने बाजू उभी राहते. परवाना आहे का, हे सहायक निबंधक कार्यालयात लेखी विचारा. नसेल तर कलम 39 खाली पाच वर्षांपर्यंत कैद किंवा 50 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पोलिसांकडची तक्रार या वेळी द्या. परवाना असलेल्यालाही बिगरशेती तारणी कर्जावर वर्षाला 15 टक्केच घेता येतात: दोन लाखांवर महिन्याला अडीच हजार. तुमच्याकडून दहा हजार घेतले.

अर्ज स्वतः नेऊन द्या, प्रतीवर तारखेचा शिक्का घ्या, एक प्रत स्पीड पोस्टानेही पाठवा. पोलीस ठाण्यात दिलेल्या अर्जाने ही मुदत वाचत नाही.

तोवर घर सोडू नका. भाडेकरारावर तर कोणत्याही परिस्थितीत सही करू नका. त्या एका सहीने तुम्ही स्वतःच्याच घरात भाडेकरू ठरता आणि विक्री खरी होती याला तुमचीच कबुली मिळते. नोटिशीला लेखी उत्तर द्या. त्याने ताब्याचा दावा लावला तर समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला तुमचं उत्तर, कोर्टात द्या. घर तिसऱ्याला विकू नये म्हणून अर्जासोबतच मनाईची मागणी करा. ती मिळेलच असं मी सांगू शकत नाही. आदेश विरुद्ध गेला तर विभागीय सहनिबंधकांकडे अपिलाला एकच महिना मिळतो.

वकिलाची फी हा अडसर नाही. विधी सेवा कायद्याने स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा 15100 वर फोन करा, आणि जाताना मूळ स्टॅम्पची झेरॉक्स सोबत ठेवा.