बाबांनी केलेली एफडी मोडू का?

प्रश्न : ताई, मी टी.वाय. बी.कॉम.ला आहे. पुण्यात कॉट बेसिसवर राहते. बाबांनी सोयाबीनच्या पैशांतून माझ्या नावावर २५ हजारांची एफडी केली. तिच्यावर बँकेने क्रेडिट कार्ड दिलं. मेस, झेरॉक्स, मैत्रिणीच्या लग्नासाठी ड्रेस असं करत १८ हजार झाले. दर महिन्याला न चुकता ९०० रुपये भरते, तरी आकडा हलत नाही. घरी सांगायची हिंमत होत नाही. सोबत स्टेटमेंट पाठवते आहे.

उत्तर : ‘न चुकता’ वाचून जीव कळवळला गं. तुला वाटतंय, आपण हप्ता फेडतोय. ते ९०० म्हणजे ‘मिनिमम ड्यू’, कमीत कमी भरायची रक्कम, थकबाकीच्या फक्त ५ टक्के. तुझ्या स्टेटमेंटवर व्याज महिन्याला साडेतीन टक्के आहे. १८ हजारांवर झाले ६३० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ११३. तुझ्या ९०० मधले ७४३ तिथेच गेले. मुद्दलातून वजा झाले जेमतेम १५७! त्यात मागची बाकी राहिली की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. गेल्या आठवड्यात मेसचे पैसे कार्डाने दिलेस ना, त्यांच्यावरही त्याच दिवसापासून व्याज सुरू झालं.

मी तीस वर्षं बँकेच्या काउंटरवर बसले. पासबुक छातीशी धरून येणाऱ्या तुझ्यासारख्या मुली पाहिल्यात. घरच्यांनी केलेली एफडी मोडणं त्यांना पाप वाटायचं. पण हिशेब बघ : एफडीवर वर्षाला सातेक टक्के मिळतात, कार्डावर तू बेचाळीस मोजतेस. तेव्हा एफडी मोड. मुदतीआधी मोडल्याने व्याज थोडं कमी मिळेल, मिळू दे. कार्डाची बाकी वळती होऊन सातेक हजार हातात येतील, ते बचत खात्यात ठेव.

बाबांना मात्र आधी सांग. आजच, रात्री जेवणं झाली की फोन कर. मुलगी महिनोन्महिने एकटीच झुरत होती हे त्यांना मागून कळलं, तर त्याचं दुःख पैशांपेक्षा जास्त होईल.

मग कार्ड बंद करायचा अर्ज लेखी दे आणि पोच घे. बाकी शून्य असेल तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणं बँकेला बंधनकारक आहे. पुढे उशीर केला तर दिवसाला ५०० रुपये दंड बँकेने तुला द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पोच जपून ठेव.