हर्क्युलिसचे 'पराक्रम' की 'कामगिऱ्या'?

प्रश्न असा आला आहे: "मुलांसाठी ग्रीक कथा मराठीत लिहितो आहे. इंग्रजीत ज्यांना हर्क्युलिसचे 'लेबर्स' म्हणतात त्यांना मी 'बारा पराक्रम' म्हटलं. कच्चा खर्डा वाचणाऱ्याने 'श्रम' सुचवलं. बरोबर काय? आणि नाव हर्क्युलिस लिहू की हेराक्लीस?"

'श्रम' आधी बाजूला ठेवू. 'बारा श्रम' वाचलं की शेवटी श्रमपरिहाराचं जेवण असणार असं वाटतं. 'पराक्रम' चुकीचा नाही, पण त्यात कथेचा कणाच हरवतो. पराक्रम माणूस आपल्या मर्जीने गाजवतो. हर्क्युलिसला ही कामं करावी लागली. झ्यूसची राणी हेरा हिने डोक्यात वेड घातलं आणि त्या भरात त्याने स्वतःची मुलं मारली. शुद्धीवर आल्यावर तो डेल्फीला कौल घ्यायला गेला. तिथे उत्तर मिळालं, टिरिन्सला जा, युरिस्थियस राजाची बारा वर्षं चाकरी कर, तो सांगेल ते कर, मग अमर होशील. हा युरिस्थियस नात्यातला, आणि भित्रा. नेमियाचा सिंह मारून हा गडी दारात आला तेव्हा राजाने धसका घेतला, जमिनीत काशाचा रांजण पुरून घेतला आणि पुढचे हुकूम निरोप्याकरवी पाठवायला लागला. निरोप्याचं नाव कोप्रेउस. ग्रीकमध्ये 'कोप्रॉस' म्हणजे शेण, तेव्हा आपण त्याला शेणोबा म्हणायला हरकत नाही.

शेणावरून आठवलं, शब्दाचा निकाल लावायला गोठ्याची गोष्टच सगळ्यात उपयोगी आहे. एलिसचा राजा ऑगियस याच्याकडे गुरं अमाप आणि गोठे कधी साफ न केलेले. हर्क्युलिसला हुकूम होता की हे सगळं शेण एका दिवसात एकट्याने काढ. तो ऑगियसकडे गेला, पण युरिस्थियसचा हुकूम आहे हे बोलला नाही. उलट म्हणाला, दिवसात साफ करतो, गुरांचा दहावा हिस्सा दे. राजाच्याच मुलाला, फायलियसला, साक्षीला ठेवलं. मग गोठ्याच्या पायाला भगदाड पाडून अल्फियस आणि पेनियस या दोन नद्यांचं पाणी आत वळवलं आणि दुसऱ्या बाजूने बाहेर काढलं. काम फत्ते. इतक्यात ऑगियसला हुकमाची गोष्ट कळली आणि तो म्हणाला, मग पैसे कशाचे? असं काही ठरलंच नव्हतं. मुलाने बापाविरुद्ध खरी साक्ष दिली, तर दोघांनाही हाकलून दिलं. इकडे युरिस्थियस म्हणाला, तू मोबदला ठरवलास, म्हणजे हे माझं काम नव्हे, मोजणार नाही.

एकाने हुकमाचं काम म्हणून मजुरी बुडवली, दुसऱ्याने मजुरीचं काम म्हणून हुकमातून वगळलं. हाच वाद शब्दार्थाचा आहे. दाम घेतला तर ते काम मोजणीत धरत नाहीत, अशा सक्तीच्या बिनमोल कामाला मराठीत नेमका शब्द आहे: वेठ. संस्कृत 'विष्टि'वरून आलेला, आणि 'वेठबिगार'मध्ये फारसी 'बेगार'शी जोडी जमवलेला.

अपोलोडोरसच्या नावावर चालत आलेल्या संग्रहात मूळ कामं दहाच आहेत. त्यातली दोन राजाने बाद केली. एक हा गोठा. दुसरं लेर्नाच्या दलदलीतली अनेक डोक्यांची नागीण हायड्रा: तिचं डोकं ठेचलं की दोन उगवत, तेव्हा पुतण्या इओलाउसने जळती लाकडं लावून माना डागल्या, म्हणून 'मदत घेतली' असा शेरा. भरपाईला दोन कामं वाढली, हेस्पेरिडीस या अप्सरांची सोन्याची सफरचंदं आणि पाताळातला कुत्रा सर्बेरस. म्हणजे 'बारा' हा आकडासुद्धा हिशेब नाकारण्यातून आलेला. आणि गंमत पाहा, जी हायड्रा मोजणीत धरलीच नाही तिचंच विष शेवटी नेसस या नराश्वाच्या रक्तातून अंगरख्याला लागलं आणि त्याचा घास घेऊन गेलं.

ग्रीक लोक या कामांना 'आथ्लॉस' म्हणत: बक्षिसासाठीची झुंज. 'अ‍ॅथलीट' तिथलाच. इथलं बक्षीस अमरत्व. ऑलिंपियाच्या झ्यूस मंदिरावर, इ. स. पू. ४५६ च्या सुमारास पूर्ण झालेल्या, बाराही कामं कोरली होती. त्यात सफरचंदांच्या कामातल्या आभाळ पेलण्याच्या शिल्पात हर्क्युलिसने खांद्यावर चक्क उशी घेतली आहे, आणि मागे अथीना देवी एका हाताने सहज टेकू देते आहे. इथे मदत घेतल्याबद्दल कोणी काही बोललेलं नाही!

तेव्हा 'वेठ' लिहायचं का? मथळ्यात नको. आज 'वेठीस धरणे' म्हटलं की मुलांच्या डोळ्यासमोर अडवणूक येते, बिनमोल काम नाही. मथळा 'बारा कामगिऱ्या' करा. कामगिरी कोणीतरी सोपवतं, आणि ती फत्तेही होते. दोन्ही अंगं सांभाळली जातात. आत गोष्टीत मात्र 'वेठबिगार' एकदा तरी येऊ द्या. 'पराक्रम' त्याने आपणहून केलेल्या गोष्टींसाठी राखून ठेवा: अँटियस राक्षसाला जमिनीवरून उचलून मारणं, साखळदंडातल्या प्रोमिथियसला सोडवणं. लिडियाच्या ऑम्फली राणीकडे तो विकला गेला, ती सरळ गुलामी.

जाता जाता, 'हर्क्युलियन' कामाला वर्तमानपत्रात 'भगीरथ प्रयत्न' लिहितात. नदी दोघांनीही वळवली, एवढं जुळतं. पण भगीरथाला कोणी हुकूम केला नव्हता.

नावाचं म्हणाल तर मूळ ग्रीक हेराक्लीस, 'हेराची कीर्ती'. जिने पाळण्यात साप सोडले तिच्याच नावाने हा ओळखला जातो. हे नाव डेल्फीच्या पुजारिणीने दिलं, आधी तो अल्कैदीस होता. हर्क्युलिस हे रोमन रूप, इंग्रजीमार्गे आलेलं आणि सायकलमुळे घरोघरी पोचलेलं. मुलांसाठी तेच ठेवा, पण हेरा पहिल्यांदा येईल तिथे हेराक्लीस सांगून टाका. बाकी नावं मग ग्रीकच ठेवा. झ्यूसच्या शेजारी जुनो, म्हणजे हेराचं रोमन रूप, बसवू नका.