मिशी कुठे पडली?

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

विनोदी नटांच्या मुलाखतींच्या तुझ्या पॉडकास्टचे तीनही भाग पाहिले. दुसरा दोनदा पाहिला, कारण त्यातली चूक फार मोलाची आहे. तुझे पाहुणे गणेशोत्सवातल्या नाटकात मिशी कशी निसटली ते सांगत होते. "मिशी सुटली ती थेट..." एवढं म्हणून ते थांबले. मुद्दाम थांबले होते. आणि तू म्हणालीस, "वा, काय धमाल! बरं, आता मालिकांकडे वळू या." मिशी कुठे पडली हे मला अजून कळलेलं नाही.

रोज रात्री जॉनी कार्सनच्या 'टुनाइट शो'च्या, म्हणजे अमेरिकन टीव्हीवरच्या त्या रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमाच्या, जुन्या चित्रफिती बघत बसतेस म्हणालीस. तशी मजा आता का येत नाही, हा तुझा प्रश्न. मी 1979 साली न्यू जर्सीत गेलो तेव्हा सेकंड शिफ्टहून परतलो की साडेअकराला तो बघायला एनबीसी वाहिनी लावायचो. निम्मे विनोद डोक्यावरून जायचे. पण हा माणूस कधी बोलतो आणि कधी बोलत नाही, एवढं भाषा न कळताही दिसायचं. कार्यक्रम तेव्हा दीड तास चालायचा. 1980 मध्ये तो एका तासावर आणला. नावाला मध्यरात्रीचा, चित्रीकरण मात्र संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या बर्बँकला. हे कळल्यावर मी दोन दिवस खट्टू होतो!

आधी तुझ्या हळहळीवर थोडं पाणी ओततो. 1962 ते 1992, तीस वर्षं, साडेचार हजारांच्या आसपास भाग. तू त्यातले फार तर पन्नास तुकडे पाहिलेस. मी पाहिलेल्या कितीतरी रात्री नुसत्या नव्या सिनेमाच्या जाहिरातीत गेल्या. पहिल्या दहा वर्षांच्या बहुतेक टेप तर वाहिनीनेच पुसून पुन्हा वापरल्या. शिवाय पाहुण्यांना बसवायचा तो कोच मुख्यतः पुरुषांचा होता. स्टँडअप झाल्यावर कार्सनने हात करून कोचावर बोलावणं म्हणजे नव्या विनोदवीराचं नशीब उघडणं. पण पहिल्याच फेरीत हा मान मिळालेली पहिली विनोदवीर स्त्री एलन डीजेनरस, आणि तेही 1986 साल उजाडल्यावर. तेव्हा जुनं ते सोनं असेल, पण तुझ्यापर्यंत पोचलंय ते चाळून.

तरी त्या पन्नासांतला एक तुकडा पुन्हा बघ. 1965. एड एम्स नावाचा गायक-नट आलाय. 'डॅनियल बून' मालिकेत तो अमेरिकन आदिवासीचं काम करायचा, म्हणून टोमाहॉक, म्हणजे फेकायची छोटी कुऱ्हाड, कशी मारतात ते दाखवतो. समोर फळीवर काउबॉयची आकृती. कुऱ्हाड बसते ती नेमकी नको त्या जागी, दांडा वर करून. प्रेक्षक फुटतात. एम्स बिचारा ओशाळून ती काढायला निघतो, आणि कार्सन त्याचा दंड धरून त्याला मागे ओढतो. बस, तेवढं बघ. तो हात. एकही शब्द नाही. हशा चढतो, ओसरायला लागतो, मग कार्सन एक वाक्य टाकतो आणि सभागृह पुन्हा कोसळतं. दुसरा कोणी असता तर घाईने "चला, पुढचा पाहुणा" म्हणाला असता. (दुसरा म्हणजे कोण, ते तुला कळलं असेलच.)

कार्सनच्या आधी 'टुनाइट शो'ची ही खुर्ची जॅक पारकडे होती. पुढे पारने दुसरा कार्यक्रम काढला, त्यात 1964 मध्ये जोनाथन विंटर्स हा विनोदवीर आला. पारने त्याच्या हातात एक काठी दिली आणि गप्प राहिला. विंटर्स त्या काठीचा मासेमार झाला, बैलाशी झुंजणारा झाला, आणखी काय काय झाला. मुलाखतीतला सगळ्यांत चांगला प्रश्न मला विचारशील, तर ती काठी. तुझ्या पाहुण्याला छत्री दे, पदर दे, कपबशी दे. विनोदी नटाचे हात रिकामे ठेवून त्याला "तुमचा प्रवास कसा सुरू झाला" विचारणं म्हणजे सुगरणीला चुलीपाशी नेऊन पाककृती लिहून मागणं.

आता कार्ड. तुझ्या मांडीवरच्या प्रश्नांच्या कार्डाला माझा विरोध नाही. त्या सगळ्या यजमानांकडेही कार्डं होती. कार्यक्रमाचा एक माणूस पाहुण्याशी आधी सविस्तर बोलून ठेवायचा. कोणता किस्सा रंगतो, तिथवर कोणत्या प्रश्नाने जायचं, सगळं टिपून यजमानाच्या हाती. रॉडनी डेंजरफील्ड हा विनोदवीर कोचावर येऊन बसला की कार्सन त्याच्या तब्येतीची चौकशी करायचा, आणि तो धडाधड विनोद सोडायचा. चौकशी ठरलेली, उत्तरं ठरलेली. तरी कार्सनच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा ऐकतोय असा भाव. हे तुला परकं वाटायला नको. तमाशाच्या बतावणीत सोंगाड्याला "म्हंजी रं काय?" विचारणारा लागतोच. त्याला टाळ्या कमी पडतात, पण तो चुकला की सोंगाड्या उघडा पडतो. तू सध्या दोन्ही कामं करतेस. सोंगाड्या आधीच खुर्चीत बसलाय, मुली. तू विचारणारी हो.

चार्ल्स ग्रोडिन या नटासारखा पाहुणा मात्र सध्या बोलावू नकोस. तो यजमानावर चिडल्याचं सोंग इतकं बेमालूम करायचा की कित्येक प्रेक्षकांना ते खरंच वाटायचं. त्याच्यासमोर न हसता टिकायला वर्षं लागतात. विनोदी नट बिल मरे 1982 मध्ये डेव्हिड लेटरमन या रात्रीच्या कार्यक्रमाच्या दुसऱ्या यजमानाचा पहिला पाहुणा होता, 1993 मध्ये नव्या वाहिनीवरही पहिला, आणि 2015 मध्ये शेवटच्या भागाच्या आदल्या रात्रीही तोच. तशी गाठ पडायला तुला पुष्कळ काळ आहे.

तुझ्या संकलकाबद्दल बोलतोच. तो पाहुण्याच्या प्रत्येक श्वासाला कात्री लावतो. तुझ्या पिढीला थांबलेलं चालत नाही असं त्याला वाटतं, पण तू स्वतः रोज रात्री काय बघत बसतेस? पुढच्या भागाचं कच्चं चित्रण मला पाठव, एकही सेकंद न कापता. आणि या वेळी दोन पाहुणे बोलाव; पहिल्याचं बोलणं झालं तरी त्याला उठवू नकोस. कार्सनच्या कोचावर आधीचा पाहुणा सरकून बसायचा आणि तिथून मध्येच एखादी पुडी सोडायचा. नट नटाचं ऐकताना जे चेहरे करतो ते कुठल्याही कार्डावर लिहून मिळत नाहीत.

तब्येत सांभाळ. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बघत बसू नकोस.

तुझा,
काका

ता. क. : त्या गृहस्थांना फोन कर, मिशी कुठे पडली ते विचार, आणि मला लगेच कळव.