मानेला मार लागून हात लुळे पडलेत. भाऊ टेंडनच्या ऑपरेशनला नको म्हणतोय. ज्यांनी केलंय त्यांचं मत काय?

तुमचा भाऊ सी-६ (मानेत सहाव्या पातळीवर मज्जारज्जूला इजा), अपघाताला दोन वर्षं झाली, डॉक्टर टेंडन ट्रान्सफर (चालू स्नायूचं टेंडन, म्हणजे त्याची दोरी, दुसरीकडे जोडणं) करा म्हणतात आणि तो ऐकत नाही, एवढं प्रश्नातून कळलं. मीही सी-६. उन्हाळ्यात विहिरीत सूर मारला, पाणी कमरेएवढंच होतं. चार वर्षं मीही नकोच म्हणत होतो, मग उजव्या हाताचं केलं.

त्याच्या 'नको'ला हट्ट समजू नका. मनगट वर उचललं की आपली बोटं आपोआप थोडी मिटतात, त्यात मोबाईल, कंगवा, रिकामा पेला अडकवता येतो. हे साधायला मला वर्ष गेलं. (मालिशवाल्याला सांगून ठेवा, मनगट वर असताना बोटं ओढून सरळ करायची नाहीत. ती पकड सैल पडते. आमच्या एका काकांनी मायेपोटी हेच केलं होतं.) एवढ्या कष्टानं बसवलेली घडी, आणि डॉक्टर म्हणतात चालू स्नायू काढून दुसरीकडे जोडू. शिवाय मनात असतं की उद्या मणक्यावरच इलाज निघाला तर? तोवर हात आहे तसा राहू दे. हे मी घरात कुणाला बोललो नव्हतो.

प्रत्यक्षात कोपर वाकवायला तीन स्नायू असतात. त्यातला एक अंगठ्याच्या टेंडनला जोडतात, दोन उरतात, त्यामुळे गेलेला फारसा जाणवत नाही. किल्ली धरतो तशी चिमूट मिळते. मनगटात पुरेशी ताकद असेल तर तिथला एक स्नायू बोटांना देऊन मूठही वळवता येते. सुरुवातीला अंगठा हलवायचा तर मनात 'कोपर वाकव' म्हणायचं, मग सवय होते. उताणं झोपून हात वर केला की तोंडावर आपटतो ना त्याचा? त्यासाठी वेगळं ऑपरेशन आहे, खांद्याचा मागचा स्नायू ट्रायसेप्सला, म्हणजे कोपर सरळ करणाऱ्या स्नायूला, जोडायचं. स्पर्श मात्र यातल्या कशानंच परत येत नाही. चहाचा कप मी आजही डोळ्यांनी बघून धरतो, एकदा चांगलाच भाजलोय.

मी चार वर्षं थांबलो ते दुखेल म्हणून नव्हे, तर नंतरच्या तीनेक महिन्यांमुळे. आधी प्लास्टर, मग स्प्लिंट. त्या हातावर भार द्यायचा नाही, खुर्ची ढकलायची नाही, पलंगावरून स्वतः सरकायचं नाही. जे थोडंफार आपलं आपण करत होतो ते पुन्हा दुसऱ्याच्या हाती, संडास-लघवीसकट. आईचं वय झालेलं, वहिनीला कसं सांगणार? शेवटी पगारी माणूस मिळाला तेव्हाच तारीख घेतली. दोन्ही हात एकदम करायला मी तरी सांगणार नाही.

घाईही नाही. टेंडनचं ऑपरेशन दहा-वीस वर्षांनीही होतं. वेळेचं बंधन असतं ते नर्व्ह ट्रान्सफरला (यात स्नायूऐवजी चालू नस बंद पडलेल्या नसेला जोडतात), ते शक्यतो पहिल्या वर्षातच. मेलबर्नच्या सर्जननी १६ जणांवर केलेल्या अशा शस्त्रक्रियांचे निकाल २०१९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले, तेव्हा खूप चर्चा झाली, पण तुमच्या भावासाठी ती वेळ बहुधा गेलीय.

२००४ मध्ये अमेरिकेत मणक्याच्या ६८१ रुग्णांना विचारलं होतं, काय परत आलं तर आयुष्य सर्वांत सुधारेल? ज्यांचे हातही गेले होते त्यांच्यातल्या जवळपास निम्म्यांनी हातच सांगितले. चालणं बरंच खाली होतं. घरचे मात्र 'कधी चालेल' एवढंच विचारतात.

भावाला कशासाठी हात हवाय, हे विचारलंत का? आमच्याकडे डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आई म्हणाली, त्याला स्वतःच्या हातानं जेवता यावं. मी म्हणालो, कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, माझा मला घालता यावा. आई बाहेर जाऊन बसली. चिमूट आल्यावर पहिल्यांदा तोच घातला, पाऊण तास लागला, दार आतून लावून घेतलं होतं.