वणी-दिंडोरीकडे पुरलेली सुरतेची लूट जुना नकाशा आणि पाणाड्याच्या सळ्यांनी सापडेल का?

नाही. सुरत लुटून परतताना शिवाजी महाराजांची मुघलांशी झालेली ऑक्टोबर १६७० ची वणी-दिंडोरीची लढाई खरी, पण तांब्याच्या सळ्या सोन्यामुळे वळत नाहीत. मनगट नकळत केसभर कललं तरी त्या आडव्या होतात. पारखून बघायचं तर दहा झाकलेल्या डब्यांपैकी एकात, पाणाड्याच्या नजरेआड, दागिना ठेवा. असं वीस वेळा करा. दोनेकदा बरोबर येणं हा निव्वळ योगायोग. नकाशावर गट नंबर असेल तर तो शिवकालीन नाहीच, गट जमीन एकत्रीकरणाच्या १९४७ च्या कायद्यानंतर पडले. मेटल डिटेक्टर चालतो, पण सुटं नाणं साधारण वीतभर खोलीपर्यंतच. आणि दहा रुपयांवरचं गुप्तधन मिळालंच तर १८७८ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते.